तीन पानांचं एक पान करताना

गेल्या रविवारी आईच्या भिशीतल्या एका काकूंची भाची घरी आली होती. घणसोली गावातली मुलगी, वाशीच्या कॉलेजमधून बीकॉम झालीये आणि आता अ‍ॅक्टिंगच करणार असं घरी सांगून मोकळी झालीये. काकूंनी आईला फोन केला की तुमची लेक त्याच लाइनमध्ये आहे ना, तर पोरीचा रिझ्युमे जरा बघून द्यायला सांगा. ती ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला आली, तिथून चालत पाचपाखाडीला आमच्याकडे, आणि सकाळी साडेअकराला आम्ही जे बसलो ते अडीचलाच उठलो, मध्ये आईने थालीपिठं आणून दिली तेवढाच काय तो ब्रेक.

मी सात वर्षं सिरियल्सच्या डायरेक्शन टीममध्ये काढलीत, घोडबंदर, काशिमीरा, फिल्मसिटी असं सगळीकडे, आणि गेली पाच वर्षं कास्टिंग करते, त्यामुळे रिझ्युमे, प्रोफाइल, इंट्रो म्हणजे ओळखीचे छोटे व्हिडिओ, हे रोज फोनवर येऊन पडत असतं. आणि आपल्या ठाण्यातली, नवी मुंबईतली चांगली चांगली पोरंपोरी नुसतं नीट लिहिलं नाही म्हणून मागे राहताना मी इतक्या वेळा बघितलीयेत की जीव तुटतो. म्हणून त्या तीन तासांत आम्ही काय काय केलं ते इथे लिहून ठेवतेय.

तिचा रिझ्युमे तीन पानी होता. पहिल्या पानावर सगळ्यात वर करिअर ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे चॅलेंजिंग वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीला हातभार लावायचाय वगैरे जे सगळ्यांच्याच बायोडेटात असतं ते. मग वडिलांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, धर्म, घरनंबरासकट पत्ता, दहावीचे टक्के, बारावीचे टक्के, एमएससीआयटी, टायपिंग स्पीड ३०. हॉबीज डान्सिंग, सिंगिंग, ट्रॅव्हलिंग. दुसऱ्या पानापासून एकदम वेगळाच कागद सुरू, कुठलंतरी अमेरिकन टेम्प्लेट डाउनलोड केलेलं, त्यात वजन पाउंडमध्ये, एजंटच्या नावाची ओळ रिकामी, आणि युनियनच्या जागी सॅग-आफ्ट्रा तसंच राहिलेलं. ती तिकडच्या कलाकारांची युनियन आहे, इथल्या मुलीच्या कागदावर तिचं काय काम. तिकडे पद्धतच निराळी, ८ बाय १० इंचाचा फोटो काढायचा, रिझ्युमे त्याच मापाला कापायचा आणि फोटोच्या पाठीला स्टेपल करायचा. त्या टेम्प्लेटमधली एकच गोष्ट आम्ही ठेवली, ती म्हणजे सगळं एका पानात बसवायचं.

आपल्याकडे काम चालतं व्हॉट्सअ‍ॅपवर. हे कसं होतं ते नीट सांगते म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. सिरियलचा ट्रॅक, म्हणजे गोष्टीतला धागा, बदलतो, रात्री दहा-साडेदहाला क्रिएटिव्हचा, म्हणजे गोष्ट सांभाळणाऱ्या टीमचा, मेसेज येतो, साधारण असा असतो बघा, फिमेल, २० ते २५, हाइट ५.२ प्लस, मराठी फ्लुएंट, हिरोच्या बहिणीची मैत्रीण, १२ दिवस, शूट घोडबंदर, अर्जंट. हा मेसेज ग्रुप्सवर फिरतो आणि सकाळपर्यंत माझ्या फोनवर शंभर-दीडशे प्रोफाइल येऊन पडलेल्या असतात, आणि दुपारपर्यंत मला चॅनलला चार-पाच ऑप्शन्स दाखवायचे असतात. एकेका प्रोफाइलला मी किती वेळ देत असेन? फोटो बघते, वय, हाइट, भाषा, कुठे राहते, आणि त्या तारखांना मोकळी आहे का. हे पटकन सापडलं तर मग पुढे काम वाचते, क्लिप उघडते. त्या वेळी डोक्यात एकच चाललेलं असतं, ही मुलगी ती मैत्रीण वाटेल का आणि सोमवारी सकाळी मेकअप रूममध्ये येऊन बसू शकेल का. त्यामुळे दहावीचे टक्के वर आणि हाइट तिसऱ्या पानावर असेल तर मी तिसऱ्या पानापर्यंत पोचतच नाही हो, इच्छा असूनही नाही.

म्हणून आम्ही पहिलं काय केलं तर वरच्या चार ओळी ठरवल्या. नाव. त्याखाली वयोगट २० ते २६, म्हणजे आपलं खरं वय नाही तर आपण पडद्यावर ज्या वयाचे दिसू शकतो तो पट्टा. हाइट फूट-इंचात, अनवाणी मोजलेली. तिने ५.४ लिहिली होती, आईने दाराला उभी करून शिवणाच्या टेपने मोजली तर ५.३ भरली, तर ५.३ च लिहिली, कारण हिरोच्या शेजारी उभं केल्यावर तो एक इंच कॅमेऱ्याला लगेच कळतो आणि मग बाकीच्या लिहिलेल्यावरचाही विश्वास जातो. मग फोन नंबर, मेल, आणि राहायला नवी मुंबई, एवढंच. घरचा पत्ता काढला, जन्मतारीख काढली, धर्म काढला, वडिलांचं नावही काढलं. त्यावर ती जरा थांबली, बाबांना वाईट वाटेल म्हणाली. मी तिला म्हटलं अगं तुझ्या नावात आहेतच की ते. मुलींनी तर हे फार सांभाळायला हवं, हा कागद एकदा पाठवला की कुठल्या ग्रुपवरून कुठे जाईल सांगता येत नाही, तेव्हा पत्ता, आधार नंबर, घरच्यांचे नंबर यातलं काहीही त्यावर नको आणि शक्य असेल तर कामासाठी वेगळं सिमकार्डच घ्यावं.

नवी मुंबई हे लिहू की नको असंही तिने विचारलं, कारण कोणीतरी तिला सांगितलं होतं की अंधेरी लिही नाहीतर लांब राहते म्हणून बोलावत नाहीत. हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय. कास्टिंगची ऑफिसं अंधेरीला आरामनगर वगैरे भागात पुष्कळ आहेत हे खरं, आणि तिला तिथे जायचं तर आधी ठाणे, मग घाटकोपर, मग मेट्रोने वर्सोवा असे तीन टप्पे आहेत हेही खरं. पण मराठी सिरियल्सचे कितीतरी सेट घोडबंदरच्या पट्ट्यात लागतात, तिथे अंधेरीवाल्यापेक्षा ठाणे, घणसोली, ऐरोलीवाला लवकर पोचतो. १२ तासांची शिफ्ट, पॅकअप नंतर रात्री घरी जायचं असतं, प्रॉडक्शनवाले हा विचार करतात. तिच्याकडे स्कूटी आहे, लायसन्स आहे, ते आम्ही लिहिलं. दुचाकी चालवता येते ही ओळ तशीही कामाची, कारण सिरियलमधल्या निम्म्या मुली स्कूटीवरून येतानाच दाखवतात.

मग कामाचा भाग आला आणि इथे आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला.

तिने लिहिलं होतं, पार्टिसिपेटेड इन मेनी ड्रामा कॉम्पिटिशन्स. बस, एक ओळ. मी विचारलं मेनी म्हणजे किती? तर म्हणाली, "ताई, कॉलेजच्याच आहेत हो, सिरियल वगैरे काही नाही केलीये, ते काय लिहायचं." मी म्हटलं सांग तर. आणि ती सांगायला लागली आणि मी वहीत लिहीत गेले. तीन वर्षांत चार एकांकिका. त्यातली एक आयएनटीला, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला होती, एक युथ फेस्टिव्हलला पहिली आली आणि तिथून सवाई एकांकिका स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला गेली. एकीत तिने पन्नाशीची आई केली होती, एकीत ती बॅकस्टेजला होती, म्युझिक ऑपरेट करायची. आणि गेल्या वर्षी एका हौशी संस्थेकडून राज्य नाट्य स्पर्धेत उभी राहिली आणि प्राथमिक फेरीत तिला अभिनयाचं गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालंय. मी पेन खालीच ठेवलं. अगं मुली, टायपिंगचा स्पीड लिहिलास आणि हे लिहिलं नाहीस?

हे जे आहे ना, कॉलेजचंच आहे, नाटकातलंच आहे, ते काय लिहायचं, हे मला आपल्याकडच्या मुलांमध्ये सारखं दिसतं आणि मला याचं फार वाईट वाटतं. ज्या मुलाने चार-चार महिने तालमी केल्यात, रात्री शेवटच्या लोकलने घरी गेलाय, गडकरी रंगायतनला किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहाला भरल्या थिएटरमध्ये उभा राहिलाय, तो मुलगा फ्रेशर लिहितो. समोर बसलेली निम्मी माणसं, म्हणजे डायरेक्टर, क्रिएटिव्ह, लेखक, याच एकांकिकांमधून आलेली असतात. सवाईला इतर स्पर्धांमध्ये पहिल्या आलेल्या एकांकिकाच जातात हे ज्याला माहितीये त्याला सवाई प्राथमिक हे दोन शब्द पुरतात, तुम्ही काय दर्जाच्या टीममध्ये होतात ते त्याला लगेच कळतं. गुणवत्ता प्रमाणपत्र म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागत नाही.

पण ते लिहायचं कसं तर सुटसुटीत, एका कामाला एक ओळ. एकांकिकेचं नाव, मग भूमिका, मग दिग्दर्शक, मग संस्था किंवा कॉलेज, मग स्पर्धा आणि वर्ष. भूमिका लिहिताना नुसतं पात्राचं नाव लिहून उपयोग नाही. तिने सुमन लिहिलं होतं, आता सुमन कोण हे मला कसं कळणार, तर आम्ही लिहिलं आई, वय ५०, प्रमुख भूमिका. बॅकस्टेजची एकांकिकाही ठेवली, म्युझिक ऑपरेशन म्हणून, कारण ज्याने क्यू, म्हणजे म्युझिक नेमकं कुठल्या क्षणी लावायचं ते सांभाळलंय त्याला वेळेची किंमत कळते असा माझा अनुभव आहे आणि मी तरी अशा मुलांना आधी फोन करते. सगळ्यात नवीन काम वर, जुनं खाली. शाळेतल्या गॅदरिंगचं मात्र काढून टाकलं.

एका सिरियलमध्ये तिने दोन दिवस पासिंगही केलं होतं, म्हणजे मागून चालत जाणाऱ्यांत. ते लिहू का विचारलं. यावर लोकांची वेगवेगळी मतं आहेत, माझं मत असं की कामांच्या यादीत टाकू नये, कारण यादीत सिरियलचं नाव दिसलं की समोरचा विचारणार कुठलं कॅरेक्टर होतं आणि तिथे अवघड होतं. कोणी विचारलं की सेट बघितलायस का तर सरळ सांगावं की हो, दोन दिवस पासिंगला होते. त्यात कमीपणा कसला.

भाषांमध्ये तिने मराठी, हिंदी, इंग्लिश लिहिलं होतं, जे सगळेच लिहितात. आणि तेवढ्यात तिला आईचा फोन आला, जेवायला येणार का विचारायला, आणि ही अस्सल आगरीत सुरू झाली, तो ण चा न, ळ चा ल, तो हेल, दोन मिनिटांत माझ्यासमोर वेगळीच मुलगी बसलेली. फोन ठेवल्यावर मी म्हटलं हे कुठेय कागदावर? तर लाजली, म्हणाली घरी बोलतो तसं, कॉलेजमध्ये सगळे हसायचे म्हणून बाहेर बोलत नाही. हसणाऱ्यांना काय माहीत. आगरी, मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी खरीखुरी बोलणारा कलाकार शोधताना आमची किती दमछाक होते, शेवटी कोणीतरी ऐकीव हेल काढून बोलतं आणि त्या त्या भागातल्या प्रेक्षकाला ते खटकतं. तर आम्ही लिहिलं, मराठी प्रमाण आणि आगरी, दोन्ही मातृभाषा. हिंदी अस्खलित. इंग्लिश कामापुरतं. कामापुरतं हा शब्द तिनेच सुचवला आणि मला तो आवडला, खरा आहे.

स्किल्समध्ये तिने पोहणं लिहिलं होतं. मी विचारलं, येतं? तर म्हणाली थोडंसं. मग तिला एक प्रसंग सांगितला तो इथेही सांगते. मी सिरियलवर असताना एका मुलाने प्रोफाइलमध्ये स्विमिंग लिहिलं होतं आणि त्यावर विसंबून विहिरीत उडी मारायचा सीन लिहिला गेला. लोकेशनला पोचलो, विहीर, दोर, सेफ्टीची माणसं, सगळं तयार, कॅमेरा लागला, आणि तो मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला मॅडम मला पोहता येत नाही. हात थरथरत होते त्याचे. त्याने सांगितलं हे देवाचे उपकार, नुसत्या भीतीपोटी गप्प बसून उडी मारली असती तर काय झालं असतं हे आजही आठवलं की पोटात गोळा येतो. सीन बदलला, अख्खी संध्याकाळ गेली, ते सगळं परवडलं. पण त्या दिवसापासून पोहणं, घोडा, गाडी, फाइट हे ज्याच्या प्रोफाइलमध्ये असतं त्याला मी आधी व्हिडिओ मागते. तिच्या कागदावरून पोहणं काढलं. लावणीचे तीन वर्षांचे क्लास होते, ते राहिलं. स्कूटी राहिली. माशांच्या बाजारात आजीबरोबर बसून मासे साफ करता येतात हे ती सहज बोलली, तेही मी लिहायला लावलं, कोयतीवर मासा कापणारी बाई खरी दिसायला हवी तेव्हा कोणाला बोलवायचं?

फोटो हा तर वेगळाच विषय आहे आणि इथे माझा स्वतःचा अनुभव आहे. मी आधी अभिनयच करायला आले होते, आणि अंधेरीतल्या एका ऑफिसने तेव्हा मला सांगितलं की पोर्टफोलिओ आमच्याच फोटोग्राफरकडून काढावा लागेल तरच प्रोफाइल पुढे जाईल, १५ हजार घेतले, आईने भिशी उचलून दिले होते ते. हेवी मेकअप, कर्ल केलेले केस, गाउन. त्या फोटोंवर मला एकदाही बोलावणं आलं नाही, आणि पुढे त्या ऑफिसने फोनही उचलले नाहीत. आता इतकी वर्षं या बाजूला बसल्यावर सांगते, ऑडिशन द्यायला, नाव नोंदवायला, प्रोफाइल पुढे पाठवायला पैसे लागत नाहीत. जो मागतो त्याला नमस्कार करून बाहेर पडायचं, मग तो कोणाचंही नाव घेऊ दे.

तिचे फोटो आम्ही गच्चीवर काढले, आईच्याच फोनवर, ऊन थेट तोंडावर येणार नाही अशा जागी, मागे साधी भिंत, एक क्लोजअप, एक मिड, एक फुल लेंग्थ, आणि लेफ्ट-राइट प्रोफाइल, म्हणजे दोन्ही बाजूंनी चेहरा. मेकअप नाही, फिल्टर नाही, केस एकदा बांधलेले एकदा मोकळे. एक कुर्त्यात, एक साडीत. आईची नारायणपेठ नेसवली तर एकदम चार वर्षांनी मोठी वाटायला लागली, तोही फोटो ठेवला, विवाहित कॅरेक्टरसाठी लागेल. रिझ्युमेवर यातला फक्त क्लोजअप, बाकीचे वेगळे. आणि हे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे, नुसते फोटो म्हणून पाठवले की दाबले जातात आणि चेहरा धूसर होतो.

तिच्याबरोबर तिचा मावसभाऊ आला होता, कळव्याचा, तो लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो आणि त्याला सिरियलच्या एडिटिंगमध्ये असिस्टंट म्हणून लागायचंय. जाताजाता त्याचाही कागद बघितला. पडद्यामागच्यांसाठी हाइट-फोटोचं काही नाही, तिथे बघतात तुम्ही नेमकं काय हाताळलंय. त्याने नुसतं व्हिडिओ एडिटर लिहिलं होतं. कुठलं सॉफ्टवेअर, प्रीमियर की रिझॉल्व्ह की अ‍ॅव्हिड, साउंड सिंक करता येतो का, फुटेजचा डेटा कॉपी करून त्याचा लॉग, म्हणजे नोंद ठेवता येते का, रात्रपाळी चालेल का, हे लिही म्हटलं, असिस्टंटकडून पहिलं वर्षभर हेच हवं असतं. आणि एखाद्या कामात दोघा-तिघांचा हात असेल तर लिंकसमोर स्पष्ट लिहायचं की ०:४० ते १:१५ हा भाग माझा. असिस्टंट असाल तर असोसिएट, म्हणजे वरची पायरी, लिहू नका, इंडस्ट्री एवढीशी आहे, एक फोन केला की कळतं.

शेवटी क्लिप आणि लिंक. एक इंट्रो, तीस-चाळीस सेकंदांचा, नाव, वय, हाइट, कुठे राहते, काय केलंय, फोन आडवा धरून, पंखा बंद करून. आणि एक अभिनयाची क्लिप, दीड मिनिटाच्या आत, पहिल्या दहा सेकंदांत तुम्ही दिसला पाहिजेत, टायटल्स आणि म्युझिक नको. तिने त्या आईच्या भूमिकेतला एक तुकडा आमच्याच हॉलमध्ये केला, आणि मग तोच तुकडा तिला आगरीत करायला लावला. माझी आई स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन दारात उभी राहिली ती शेवटपर्यंत हलली नाही.

सगळं ड्राइव्हवर टाकलं, लिंक रिझ्युमेत चिकटवली, पीडीएफ केला. फाइलचं नाव न्यू रिझ्युमे फायनल टू असं होतं, ते बदलून तिचं नाव, वयोगट, हाइट, नवी मुंबई असं केलं, कारण माझ्या फोनमध्ये न्यू रिझ्युमे नावाच्या पन्नासेक फाइल्स पडल्यात आणि कुठली कोणाची ते मला आज सांगता येणार नाही. आणि एक अगदी बारीक गोष्ट जिच्यापायी चांगली मुलं रोज हुकतात, ड्राइव्हची लिंक सगळ्यांसाठी खुली केलेली नसते. मी उघडते, तिथे परवानगी मागा असं येतं, परवानगी मिळेपर्यंत लिस्ट चॅनलला गेलेली असते. तिला म्हटलं घरी गेल्यावर सेटिंग बदल आणि दुसऱ्याच कोणाच्या तरी फोनवर उघडून बघ, स्वतःच्या नाही.

रात्री साडेदहाला तिचा मेसेज आला, ताई लिंक बदललीये, एकदा बघता का. मी आईचा फोन घेतला आणि लिंक उघडली. पहिल्या फटक्यात उघडली. आईने तो आगरीतला तुकडा परत एकदा लावायला सांगितला.